तिसऱ्या ओळीतला अंधार

सत्कार म्हटला की माझं डोकंच उठतं. आमच्या कलकत्त्याची ही जुनी रीत. माणूस धडधाकट असेपर्यंत त्याला पाण्यात पाहायचं, आणि एकदा का त्याला मोतीबिंदू झाला, दोन दात पडले, की त्याच्या खांद्यावर शाल टाकायची. कपाळाला चंदन, हातात संदेश मिठाईचा पुडा, आणि ज्यांनी त्याला आयुष्यभर हिणवलं त्यांचीच गहिवरलेली भाषणं. मी असल्या ठिकाणी जात नाही. गेले तर तोंड उघडते, आणि उघडलं की पुढच्या वेळी कुणी बोलावत नाही. सगळ्यांचीच सोय होते.

मी नीहारकणा गुहठाकुरता. सत्तावीस वर्षं कॉलेजात बांग्ला शिकवतेय, आणि त्याहून थोडी जास्त वर्षं समीक्षा लिहितेय. 'काटाकुटी' नावाच्या आमच्या अनियतकालिकात. काटाकुटी म्हणजे खाडाखोड. नाव मीच दिलं होतं. माझ्या सदराला लोक कसाईखाना म्हणत आणि मला ते ऐकून बरं वाटे, खोटं कशाला बोलू?

काय काय कापलं नाही मी! अभिजात म्हणून डोक्यावर घेतलेल्या कादंबऱ्या घ्या. सहाशे पानं नायक गंगेकडे बघत उसासे टाकतो, नायिका पडद्याआड शिवण टिपते, आणि शेवटी कुणीतरी क्षयाने मरतं. लेखकाला पुढचं सुचत नाही म्हणून! मी लिहिलं, या कादंबरीत एकच पात्र जिवंत आहे, ते म्हणजे खोकला. प्राध्यापक मंडळी महिनाभर माझ्याशी बोलली नाहीत. कवींचं तर विचारूच नका. आमच्याकडे चार कवी जमले की पाच अनियतकालिकं निघतात, कारण एकाचं दोघांशी भांडण असतं. चंद्र, जखम, ट्राम आणि आईचा पदर, एवढ्या भांडवलावर पन्नास वर्षं दुकान चालवतात मेले.

आणि गाणी. माझं एक ठाम मत होतं. जे शब्द कागदावर उभे राहत नाहीत ते स्टेजवरही उभे राहत नाहीत. गाणं असो, कविता असो, कादंबरी असो, कागदावर आणा, मग बोलू. हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलं की पोरं परीक्षेत उतरवून काढत आणि मी त्यांना मार्क देत असे.

प्रद्युत पाकडाशी माझ्याच वर्गातला. एम.ए.ला आम्ही एका बाकावर बसायचो. कविता बऱ्या लिहायचा, म्हणजे इतरांपेक्षा कमी वाईट. मग काय डोक्यात शिरलं कोण जाणे, अठ्ठ्याहत्तर साली केस खांद्यापर्यंत वाढवले, हातात इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि चार पोरं जमवून 'तेरा नंबर गल्ली' नावाचा बँड काढला. बांग्लात रॉक! आमच्या आजोबांच्या पिढीतल्या भद्र मंडळींना तर ठसकाच लागला. बँडची एक तबकडी निघाली, एका बाजूला दोन गाणी, दुसऱ्या बाजूला दोन. प्रद्युत स्वतः 'काटाकुटी'च्या कचेरीत येऊन ती देऊन गेला.

आता आमच्याकडची पद्धत सांगते. परीक्षणाला पुस्तक आलं की ते आधी संपादकाकडे जायचं. संपादक भवतोष सान्याल. भवतोषदांच्या घरी ते त्यांच्या बायकोने वाचून, मेहुण्याने वाचून, डाळीचे डाग पडून मग परीक्षकाकडे यायचं, तेही आलं तर. नाही आलं तर आम्ही मलपृष्ठावरून लिहायचो. हसू नका, सगळं शहर असंच लिहीत होतं. तबकडीचं तर आणखी सोपं. तबकडी वाजवायचं यंत्र फक्त भवतोषदांकडे. म्हणून तबकडी त्यांच्याकडे राहायची आणि आतला गाण्यांच्या शब्दांचा कागद परीक्षकाच्या हातात यायचा.

"कागद आहे ना? मग झालं तर," भवतोषदा म्हणाले. "तू तर म्हणतेसच, कागदावर आणा."

मी कागद घरी नेला. चार गाणी. शेवटचं गाणं 'लोडशेडिंग'. त्या वर्षांत वीज जायची वेळ आम्हाला जेवणाच्या वेळेपेक्षा पक्की पाठ होती, तेव्हा विषय काही नवा नव्हता. शब्द साधारण असे होते:

गल्लीत पोरं, गच्चीत साड्या,
रेडिओवर बातमी चालू,
पंखा फिरतो, फिरतो,
आई म्हणते, काडी कुठाय?

मी बोटांवर मोजलं. पहिली ओळ बरोबर, दुसरी बरोबर, चौथी बरोबर. तिसरी अपुरी. चारही कडव्यांत तिसरी ओळ अपुरी. माझ्या अंगात वारं शिरलं. मी लिहिलं, "पाकडाशी महाशयांना विद्रोह येतो, मोजता येत नाही. तिसरी ओळ दर खेपेला लंगडते. शाळकरी पोरानेही तिथे एखादं 'हाय रे' घालून मात्रा भरल्या असत्या. ज्याला ओळ पूर्ण करता येत नाही त्याने जग बदलायला निघू नये."

शहरभर ते वाक्य फिरलं. लोक चहाच्या दुकानात एकमेकांना विचारायचे, "काय रे, ओळ पूर्ण झाली का?" मला भारी वाटत होतं. तबकडी मी ऐकलीच नव्हती. भवतोषदांनीही ती ऐकली की नाही देव जाणे. पुढे ती त्यांच्या घरी कशाखाली तरी ठेवलेली मी पाहिली. डाळीच्या पातेल्याखाली.

पंधरा दिवसांनी प्रद्युत घरी आला. केस तेवढेच लांब, पण खांदे पडलेले. आईने चुरमुऱ्यांची मुरी आणि वांग्याची बेगुनी पुढे ठेवली, त्याने हातही लावला नाही.

"नीहार, खरंच लंगडते का गं ओळ?"

"मग काय गंमत म्हणून लिहिलं?"

"नाही, म्हणजे... तू ऐकून बघितलंस ना? गाण्यात ते तसं..."

एवढंच त्याने विचारलं. त्या क्षणी मी म्हणू शकले असते, नाही रे बाबा, कागद वाचला नुसता. काय बिघडलं असतं? पण माझं नाव झालं होतं. कसाईखान्याची मालकीण मी, कबूल कशी करणार?

"तुला कान आहेत ना?" मी म्हटलं. "त्यांनाच विचार."

 तो मान हलवून उठून गेला. सहा महिन्यांत बँड मोडल्याचं कळलं. केस कापून प्रद्युत वीजमंडळात चिकटला. लोडशेडिंगवर गाणं लिहिणारा वीजमंडळात! मी त्यावरही एक विनोद केला होता. तो मी आज सांगणार नाही.

एकवीस वर्षं गेली. आणि गेल्या दुर्गापूजेपासून हे नवं खूळ निघालं. 'उनुन' नावाचा बँड. उनुन म्हणजे चूल. चूल कसली, धूर नुसता. या पोरांना कुठल्याशा जुन्या बाजारात ती तबकडी सापडली आणि त्यांनी 'लोडशेडिंग' पुन्हा गायलं. बघता बघता कॉलेजची कार्टी तेच गुणगुणू लागली. आमच्या गल्लीतल्या मंडपात लाउडस्पीकर लागला की मी खिडक्या लावून घ्यायचे, कानात कापूस घालायचे. आणि मग ज्यांनी तेव्हा नाकं मुरडली होती त्यांचे लेख येऊ लागले. काळाच्या पुढचं, युगप्रवर्तक, अभिजात! भवतोषदांनी तर लिहिलं की त्या तबकडीचं महत्त्व आम्ही पहिल्यांदा ओळखलं. ओळखलं म्हणे! पातेलं टेकायला बरी म्हणून ओळखलं असेल.

डिसेंबरात 'उनुन'ची पुढारीण पियाली माझ्या दारात उभी राहिली. ड्रम वाजवते म्हणे. बोटाएवढी पोरगी, नाकात चमकी, पायात पुरुषी बूट.

"नीहारदि, रविवारी तीन वाजता प्रद्युतकाकांचा सत्कार आहे. तुम्ही बोलायचं."

"मी? तुला माहीत आहे का मी काय लिहिलं होतं?"

"पाठ आहे," ती दात काढत म्हणाली. "म्हणून तर! प्रद्युतकाका म्हणाले, नीहार येणार असेल तरच मी येतो. आणि नीहारदि, त्यांना एकदा स्टेजवर गायला लावायचंय हो आम्हाला. एकवीस वर्षं गायले नाहीत. आता त्यांचं हृदयाचं दुखणंही निघालंय. पुन्हा कधी जमेल?"

मी नाही म्हणणार होते. पण तो मला का बोलावतोय? माफ करायला? तोंडावर मारायला?  हो म्हटलं आणि दार लावलं.

भाषण चार पानांचं लिहिलं. चांगलं झोंबणारं. नव्यांना झोडलं, जुन्यांना झोडलं, अभिजात या शब्दाला तर उभं आडवं सोललं. स्वतःबद्दल एक ओळ नाही. त्या कागदाबद्दल एक ओळ नाही.

रविवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या रांगेत माकडटोप्या घातलेले समीक्षक, मागे तरुण पोरंपोरी. प्रद्युत माझ्या शेजारी, पहिल्याच रांगेत बसला होता. टक्कल पडलेलं, मफलर, हातात औषधांची पिशवी. मला पाहून हसला.

"आलीस? मला वाटलं आजारी पडशील."

"पडणार होते. पण तुझं कौतुक ऐकून जे आजारपण येईल तेच पुरेल म्हटलं."

"तोंड तसंच आहे हं तुझं."

"तुझे केस मात्र नाहीत."

तो मनापासून हसला. राग नव्हता त्याच्यात. मला तेच सोसेना.

मागून भवतोषदा वाकून म्हणाले, "नीहार, जरा जपून बोल गं. त्याच्या हृदयाला सोसायचं नाही."

"तुम्ही पातेलं आणलंत का बरोबर?" मी विचारलं. ते मागे सरकले.

आधी 'उनुन'ने गाणं म्हटलं. पियाली ड्रमवर बसली, गिटारवाल्यांनी तारा पिळल्या, आणि मी एकवीस वर्षांनी पहिल्यांदा ते गाणं ऐकलं. कापूस आणायला विसरले होते.

गल्लीत पोरं, गच्चीत साड्या. आवाज भिंतींवर आदळत होता. रेडिओवर बातमी चालू. पियालीचे हात दिसत नव्हते इतके फिरत होते. पंखा फिरतो, फिरतो...

आणि सगळं थांबलं.

ड्रम थांबला, गिटारी थांबल्या, गाणारा तोंड उघडं ठेवून थांबला. सभागृहातले दिवे गेले. ठार अंधार. हजार माणसं श्वास धरून बसली.  वीज गेली होती! अठ्ठ्याहत्तर सालातली, भर जेवणात जाणारी, आई हातातली पळी टाकून चाचपडत उठायची ती वीज. मात्रा कमी नव्हत्या. तिथे अंधार होता. त्याने अंधार लिहिला होता, आणि मी बोटांवर मोजत बसले होते.

त्या शांततेत, अगदी माझ्या कानाशी, प्रद्युत हळूच पुटपुटला, "हाय रे."

मग ड्रम कडाडला, दिवे आले, हजार गळे ओरडले, आई म्हणते, काडी कुठाय!

"काय म्हणालास तू?" मी त्याचा हात धरला.

"कुठे काय?"

"आत्ता. अंधारात."

तो ओशाळला. "अगं, ते... सवय. तूच नव्हतं का लिहिलं, हाय रे घाल म्हणून? घातलं मी. तुझ्याकडून गेलो त्याच आठवड्यात घातलं. बापी होता ना आमचा ड्रमवाला, तो चिडला. म्हणाला, आता मी थांबू कुठे? मी म्हटलं, नीहार उगीच लिहायची नाही. तिने ऐकलंय, तिला कळतं." त्याने मफलर नीट केला. "मग चार-पाच कार्यक्रम केले. लोक नुसते बसून राहायचे. आधी याच ठिकाणी उड्या मारायचे. बापी गेला. मग सगळेच गेले."

"आणि ही पोरं?"

"ती तबकडीवरून शिकली. तबकडीत जुनंच आहे. मी मात्र घरी म्हणतो तेव्हा भरून म्हणतो. अंघोळीला, भाजी निवडताना."

दुसऱ्या कडव्यात परत अंधार झाला. मी कान देऊन वाट पाहत होते. आलं. हाय रे. तिसऱ्यात. चौथ्यात. एकवीस वर्षं हा माणूस माझा मूर्खपणा असा रोज आपल्या तोंडाने घोकत होता.  दुसऱ्यांच्या खोकल्यावर हसणारी मी! सगळ्या कलकत्त्यात मलपृष्ठावरून लिहिणाऱ्यांना मी लुच्चे म्हणायचे, आणि त्या लुच्च्यांनी निदान कुणाचा गळा तरी दाबला नव्हता.

माझं नाव पुकारलं. मी चार पानं खुर्चीवरच ठेवली.

"मी हे गाणं ऐकलं नव्हतं," माइकवर मी म्हटलं. "अठ्ठ्याहत्तर साली परीक्षण लिहिलं तेव्हा मी तबकडी ऐकली नव्हती. शब्दांचा कागद वाचला आणि लिहिलं. आज पहिल्यांदा ऐकलं."

हसण्याचा असा गडगडाट झाला म्हणता! टाळ्या, शिट्या. पुढच्या रांगेतल्या माकडटोप्या पोट धरून हसत होत्या. "नीहारदिच्या जिभेला तोड नाही," कुणीतरी ओरडलं. त्यांना वाटलं मी परीक्षकांच्या जातीला टोमणा मारतेय!

"गंमत करत नाहीये मी!" मी ओरडले. "मी खोटं लिहिलं! मी या माणसाचं गाणं मोडलं!"

आणखी टाळ्या. भवतोषदा डोळे पुसत होते, हसून हसून. आयुष्यभर मी खोटं कडक आवाजात बोलले आणि यांनी ते खरं मानलं. एकदा खरं बोलले तर मेल्यांना विनोद वाटला. हेच माझे वाचक. यांनाच मी घडवलं होतं.

एकटा प्रद्युत हसत नव्हता.

मी खाली उतरले तेव्हा पियाली त्याला हाताला धरून स्टेजकडे नेत होती. मी मध्ये उभी राहिले.

"ऐकलंस ना तू? खरं आहे ते."

"ऐकलं." तो म्हणाला. "यंत्र नव्हतं तुमच्या घरी. तेव्हा ध्यानातच आलं नाही बघ माझ्या."

"शिव्या दे मला."

"आता देऊन काय होणार, नीहार?"

"मग एवढं कर. तिथे काही म्हणू नकोस. तिसऱ्या ओळीनंतर गप्प राहा. तुझीच जागा आहे ती. तू आधी केलंस तेच बरोबर होतं, माझ्या गळ्याची शपथ."

 चाळीस वर्षांचा असता तर त्याने मला थोबाडीत दिली असती, आणि मी ती घेतली असती.

"बघतो," तो म्हणाला. "आता जमतंय का बघतो."

स्टेजवर चढताच त्याच्या खांद्यावर शाल पडली, कपाळाला चंदन लागलं, गिटार मात्र त्याने घेतली नाही. नुसता माइकपुढे उभा राहिला. पियालीने ड्रमच्या काड्या आपटल्या. आणि काय सांगू, आवाज होता हो! चिरकलेला, धाप लागलेला, पण होता. पोरं उभी राहिली. गल्लीत पोरं, गच्चीत साड्या. तो ताठ झाला. रेडिओवर बातमी चालू. त्याने डोळे मिटले, हात वर केला. मी खुर्चीची दांडी घट्ट धरली. गप्प राहा, प्रद्युत. बाबा रे, गप्प राहा.

पंखा फिरतो, फिरतो...

ड्रम थांबला. दिवे गेले. हजार माणसांनी श्वास धरला. त्या अंधारात त्याचाही श्वास माइकवर ऐकू येत होता, धरून ठेवलेला. तो झगडत होता, मला कळत होतं. मी मनात क्षण मोजत होते, निभावलं, आता निभावलं.

"हाय रे," माइकमधून आलं.

पियालीचा ड्रम त्याच्यावर आदळला, ताल अडखळला, आणि दिवे आले तेव्हा प्रद्युत हात तसाच वर धरून माझ्याकडे पाहत होता.

माझ्या मागे भवतोषदांनी मांडीवर थाप मारली. "आहाहा! काय जागा घेतली! अनुभव बोलतो अनुभव! लिहायला पाहिजे यावर."

मी मागे वळले नाही. माझी बोटं आपोआप चालली होती, एकीवर एक, कागदावर चालावीत तशी. ओळ बरोबर भरली होती. एकही मात्रा कमी नव्हती.